पलटण बराकीतच बरी

"हा देश एकदा पाच वर्षे मिलिटरीच्या ताब्यात द्यायला हवा, मग बघा कसे सगळे सुतासारखे सरळ होतात!" हे वाक्य महाराष्ट्रात कोठेही ऐकायला मिळते. एस.टी.च्या रांगेत, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत. रस्त्यात खड्डा दिसला की मिलिटरी, तलाठ्याने पैसे मागितले की मिलिटरी, पोराने उलट उत्तर दिले तरी मिलिटरी. बोलणारा स्वतः कधी लष्करात गेलेला नसतो आणि आपल्या मुलालाही तो इंजिनिअरिंगलाच घालतो. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या म्हणून उसासे टाकणाऱ्यांच्या पठडीतलेच हे लोक, म्हणून त्यांचे बोलणे कोणी फारसे मनावर घेत नाही. परंतु हल्ली हेच वाक्य आमच्या मोहल्ल्यांतून, मशिदीच्या पायऱ्यांवर बसलेल्या बुजुर्गांकडून आणि शिकल्यासवरल्या तरुणांच्या तोंडूनही ऐकू येऊ लागले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या मोहल्ल्यात हे वाक्य खड्ड्यावरून येत नाही. ते आठवणीवरून येते. १९८४ ची भिवंडी आणि १९९२-९३ ची मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना "मिलिटरी आली" या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खाकी वर्दी दिसली की दारे बंद व्हायची आणि हिरवी वर्दी दिसली की खिडक्या किलकिल्या व्हायच्या. जवानांना पाणी दिले जायचे, चहा दिला जायचा, बायाबापड्या दुआ द्यायच्या. ज्या पोलिसाला आपण कर देतो, ज्याची चौकी आपल्याच नाक्यावर आहे, त्याच्यापेक्षा कोठल्या तरी दूरच्या प्रांतातला, आपली भाषाही न कळणारा शिपाई आपल्याला जवळचा वाटावा, ही गोष्ट साधी नाही. या कृतज्ञतेची आम्ही थट्टा करणार नाही. ती खरी आहे आणि तिला कारण आहे. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मिळून मुंबईत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. या ९०० पैकी ३५६ जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. ज्या वस्तीने हे भोगले तिने पोलिसांना घाबरावे आणि लष्कराची वाट पाहावी, यात नवल ते काय?

पण तोच अहवाल आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती आम्ही सोयीस्करपणे विसरतो. लष्कराचा परिणामकारक वापर करण्याचा हुकूम देण्यात मुख्यमंत्र्यांनी चार मोलाचे दिवस घालवले, असा ठपका आयोगाने ठेवला आहे. याचा अर्थ काय होतो? पलटण शहरात होती, बंदुका होत्या, शिस्त होती, नव्हता तो हुकूम. पुढे २००२ मध्ये गुजरातमध्येही हेच झाले, असे खुद्द त्या तुकडीचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट जनरल जमीरुद्दीन शाह यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. तीन हजार जवान अहमदाबादच्या विमानतळावर उतरले आणि गाड्या मिळाल्या नाहीत म्हणून मोलाचा वेळ तेथेच गेला, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर वाद झाला, इन्कार झाला. तरी मुद्दा उरतोच. लष्कर हा हात आहे. तो कोणाच्या डोक्याने हलतो, हा खरा प्रश्न. आमच्या मोहल्ल्याच्या आठवणीतूनच जर काही शिकायचे असेल तर ते हे की, आम्हांला मेलेल्या माणसांचा हिशेब मागायचा आहे तो मंत्रालयाकडे आणि पोलीस आयुक्तालयाकडे. कॅन्टोन्मेंटकडे बोट दाखवून आम्ही त्या दोघांनाही सोडून देतो.

शिवाय सगळ्याच मुसलमानांची लष्कराची आठवण एकसारखी नाही. मुंबई-कोकणातल्या माणसाला जे वाटते ते मराठवाड्यातल्या म्हाताऱ्याला वाटेलच असे नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. लष्करानेच केलेल्या या कारवाईला लोक आजही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात, हीही एक गंमतच! रझाकारांनी त्याआधी जे अत्याचार केले ते आम्ही नाकारत नाही. त्यांच्या पापावर पांघरूण घालणारा माणूस आमचा मित्र नव्हे. परंतु कारवाईनंतर सामान्य मुसलमान रयतेवर जो सूड उगवला गेला, त्याची चौकशी करायला खुद्द नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली होती. उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत होते. किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. लष्कराबद्दल त्यात दोन्ही गोष्टी आहेत. काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी आणि जवानांनी जिवाची पर्वा न करता मुसलमानांना वाचवले आणि काही ठिकाणी वर्दीतली माणसे लुटीत आणि त्याहून वाईट गोष्टींत सामील झाली. म्हणजे लष्कर काही फरिश्त्यांची जमात नव्हे. ती आपल्यासारख्याच माणसांची, पण हातात बंदूक असलेल्या माणसांची जमात आहे.

आता थोडे शेजारी जाऊ. पाकिस्तानचे नाव काढले की आमच्यातले अर्धे लोक अवघडतात. आपल्याला काय त्याचे, आपण कशाला बोलायचे? आम्हांला वाटते, आपणच बोलले पाहिजे. कारण दंगल थांबवायला आलेल्या लष्कराचे पुढे काय होते, याचा संपूर्ण धडा तेथे वाचायला मिळतो.

मार्च १९५३. लाहोर. अहमदिया पंथाविरुद्ध पेटलेल्या आंदोलनाचे दंगलीत रूपांतर झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली, प्रांतिक सरकार हातावर हात ठेवून बसले. काहींना तर दंगल हवीच होती. अखेर ६ मार्चला शहर लष्कराच्या स्वाधीन झाले. पाकिस्तानातला तो पहिला मार्शल लॉ. जनरल आझम खान यांच्या फौजेने दंगल आटोक्यात आणली. काम संपले होते, पण लष्कर लगेच गेले नाही. ते सुमारे सत्तर दिवस राहिले आणि त्या दिवसांत त्याने शहर स्वच्छ करण्याची मोहीम काढली. गल्ल्या झाडल्या गेल्या, अतिक्रमणे हटवली गेली, दुकानदार शिस्तीत आले. लाहोरची जनता खूश झाली. राजकारण्यांना वर्षानुवर्षे जमले नाही ते वर्दीवाल्यांनी दोन महिन्यांत करून दाखवले! आमच्या सलूनमधले वाक्य पहिल्यांदा बोलले गेले असेल तर ते बहुधा तेथेच. टाळ्या लाहोरने वाजवल्या, आणि त्या रावळपिंडीत, सेनापतींच्या कार्यालयात, नीट ऐकल्या गेल्या.

पाच वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९५८ रोजी, राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी सारा देश मार्शल लॉखाली आणला आणि सेनापती अयूब खान यांना प्रशासक नेमले. वीस दिवसांत अयूबनी मिर्झांनाच विलायतेला धाडले. पाहुण्याने यजमानाला घराबाहेर काढावे तसे! सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्याला कायद्याची झालर लावून दिली: क्रांती यशस्वी झाली म्हणजे तीच कायदेशीर. तेव्हाही बाजारात दुधातली भेसळ थांबली, काळाबाजारवाले तुरुंगात गेले, लोक म्हणाले, वाहवा! आणि मग निवडणूक? जानेवारी १९६५ मध्ये झाली. अयूब यांच्याविरुद्ध उभ्या होत्या जिनांच्या सख्ख्या बहीण फातिमा जिना. ज्यांना सारा देश मादरे मिल्लत म्हणत होता त्या बाईंचा पराभव झाला, कारण मत देण्याचा अधिकार जनतेला नव्हताच. तो होता ऐंशी हजार 'मूलभूत लोकशाही' सदस्यांना, आणि त्यांच्यावर वचक होता सरकारी यंत्रणेचा. तरीही कराची आणि ढाका ही दोन शहरे बाईंच्या मागे उभी राहिली, हे नमूद केले पाहिजे.

पाकिस्तानात प्रौढ मतदानाने पहिली देशव्यापी सार्वत्रिक निवडणूक व्हायला डिसेंबर १९७० उजाडावा लागला. देश तेवीस वर्षांचा झाला होता. पूर्व पाकिस्तानच्या १६२ जागांपैकी १६० जागा शेख मुजीब यांच्या अवामी लीगने जिंकल्या. ३०० च्या सभागृहात त्यांना स्पष्ट बहुमत होते. मुजीब पंतप्रधान व्हायला हवे होते. पण जनरल याह्या खान यांना आणि त्यांच्या भोवतालच्या सेनाधिकाऱ्यांना तो कौल पचला नाही. भुट्टोसाहेबांनीही त्यांना साथ दिली, हे विसरून चालणार नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात रणगाडे रस्त्यावर आले. विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थी मारले गेले, प्राध्यापक मारले गेले. पुढचे नऊ महिने जे झाले त्यात मारणारे कलमा पढणारे होते आणि मरणाऱ्यांत लाखो कलमा पढणारे होते. हिंदूंना तर वेचून मारले. ज्या फौजेची निर्मिती इस्लामच्या रक्षणासाठी झाली असे सांगितले जात होते, तिच्या शिपायांनी मुसलमान बायाबापड्यांची अब्रू लुटली. १६ डिसेंबरला जनरल नियाझी यांनी ढाक्याच्या रेसकोर्सवर जनरल अरोरा यांच्यापुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. सुमारे त्र्याण्णव हजार युद्धकैदी झाले. युद्ध हरण्याची चौकशी करायला नेमलेल्या हमुदूर रहमान आयोगाने सेनापतींच्या दुराचारावर आणि अत्याचारांवर बोट ठेवले. आयोगाचा अहवाल २००० पर्यंत जनतेला दिसलाच नाही.

आम्ही या प्रसंगावर मुद्दाम रेंगाळतो आहोत. आमच्या घरांतून अजूनही काही माणसे '१९७१ म्हणजे भारताने केलेली मोडतोड' एवढेच म्हणून मोकळी होतात. भारताने फायदा घेतला, जरूर घेतला. पण पाकिस्तान तोडले ते त्याच्याच लष्कराने. जे लष्कर मतपेटीतून आलेला निकाल बंदुकीने खोडायला निघते, ते कोणत्याही धर्माचे असो, देश राखू शकत नाही. त्या काळात लाहोरमध्ये हबीब जालिबसारखा एखादा शायर बंगालमधल्या कत्तलीविरुद्ध उभा राहिला. बाकीच्या बहुतेक अदीबांनी मौन पाळले. लिहिणाऱ्या माणसांच्या या अंकात हे सांगितलेच पाहिजे. फौजी राजवटीत पहिला बळी वाक्याचा जातो.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ५ जुलै १९७७ रोजी जनरल झिया आले, नव्वद दिवसांत निवडणूक घेतो म्हणाले आणि अकरा वर्षे राहिले. ४ एप्रिल १९७९ ला भुट्टो फासावर गेले. झियांनी शरियतचे नाव घेऊन हुदूद अध्यादेश आणले आणि बलात्काराची फिर्याद करणारी स्त्रीच तुरुंगात जाण्याची पाळी आली. १२ ऑक्टोबर १९९९ ला मुशर्रफ आले, २००८ पर्यंत टिकले. आयेशा सिद्दिका या विदुषीने २००७ साली या फौजेचा धंदा उघडा करणारे पुस्तक लिहिले. खताचे कारखाने, सिमेंट, बँक, घरबांधणीच्या वसाहती, न्याहारीला खायचे सीरियलसुद्धा फौजेच्या संस्था विकतात! आजतागायत पाकिस्तानच्या एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची मुदत पुरी करता आलेली नाही. आणि मे २०२५ च्या चार दिवसांच्या लढाईनंतर तेथील सेनाप्रमुखांना फील्डमार्शल केले गेले. अयूबनंतरचे हे दुसरेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घटनादुरुस्ती करून त्यांना तिन्ही दलांच्या वर बसवण्यात आले आणि फौजदारी खटल्यांपासून आजन्म संरक्षण देण्यात आले. लाहोरच्या झाडलेल्या गल्लीतून निघालेली वाट कोठवर आली, पाहा.

येथे आमचा एक हिंदू मित्रवर्ग लगेच म्हणतो, "अहो, मुसलमानांचा देश म्हटल्यावर दुसरे काय होणार? लोकशाही तुमच्या रक्तातच नाही." या टोमण्याला आमचे काही लोक खाली मान घालून गप्प बसतात. काही तर उलट फुशारकीने म्हणतात, हो, आम्ही तलवारीची कौम आहोत! दोघेही अडाणी. डेहराडूनच्या सैनिकी ॲकॅडमीत १९३२ साली जी पहिली तुकडी दाखल झाली, तिच्यात तीन मुले होती. एक पारशी: सॅम माणेकशा. एक क्वेट्ट्याचा हजारा मुसलमान: मुहम्मद मूसा. एक बर्मातला कारेन ख्रिस्ती: स्मिथ डन. एकाच मैदानावर कवायत केलेले हे तिघे पुढे तीन देशांचे सेनाप्रमुख झाले. पाकिस्तानात १९५८ ला लष्कर सत्तेवर आले. बौद्धांच्या बर्मात १९६२ ला आले, २०२१ ला पुन्हा आले, आणि मधल्या काळात, २०१७ मध्ये, त्याच फौजेने सात लाखांवर रोहिंग्यांना देशोधडीला लावले. भारतात ते कधीच आले नाही. गुरू एक, पुस्तके एक, इंग्रजाने शिकवलेला सलाम एक. मग फरक कोठून आला? चिलीतले, अर्जेंटिनातले सेनापती कोणती नमाज पढत होते? आणि मलेशियात मुसलमान बहुसंख्य असूनही लष्कर कधी गादीवर का बसले नाही?

फरक धर्मातून आला नाही, राजकारणातून आला. फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला जुन्या हिंदी लष्कराचा सुमारे एक-तृतीयांश भाग आला. लोकसंख्या मात्र त्याहून बरीच कमी आणि तिजोरी तर रिकामीच. घर लहान आणि चौकीदार थोराड! त्यात ही फौज मुख्यतः पंजाबातली, कारण १८५७ नंतर इंग्रजांनी 'लढवय्या जाती' शोधून तेथेच भरती केली होती. बंगाली माणसाला तिच्यात जागाच नव्हती. मुस्लिम लीगची मुळे त्या भूमीत खोल नव्हती. राज्यघटना व्हायला नऊ वर्षे लागली आणि ती अडीच वर्षांत गुंडाळली गेली. १९५४ मध्ये सेनापती अयूब खान गणवेश न उतरवता संरक्षणमंत्री झाले. त्याच वर्षी अमेरिकेशी करार होऊन शस्त्रे येऊ लागली, आणि शस्त्रे देणारा मुलकी मंत्र्याशी बोलत बसत नाही, तो सेनापतीशी बोलतो. इकडे भारतात १९५० ला घटना आली, १९५२ पर्यंत पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली. दिल्लीत इंग्रज सेनापतीचा जो प्रशस्त बंगला होता, त्या तीन मूर्ती भवनात पंतप्रधान राहायला गेले. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदच रद्द झाले आणि तिन्ही दलांचे प्रमुख एका पातळीवर आले. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. क्षुल्लक नाहीत. निवृत्त जनरल करिअप्पांना अयूबच्या राजवटीचे कौतुक वाटत असे. त्यांनी १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढवली. मुंबईकरांनी त्यांना नम्रपणे पाडले. सेनापतीने निवडणुकीला उभे राहावे आणि पडावे, यापेक्षा निरोगी लोकशाही ती कोणती?

म्हणून आपल्याकडे सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नये. ईशान्येकडे १९५८ चा विशेषाधिकार कायदा अजूनही कित्येक जिल्ह्यांत आहे. ४ डिसेंबर २०२१ ला नागालँडच्या ओटिंग गावाजवळ खाणीतून घरी परतणारे सहा मजूर जवानांच्या गोळ्यांनी मेले, पाठोपाठ चिडलेल्या गावकऱ्यांतले आणखी काही. पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले, केंद्राने खटल्याची परवानगी नाकारली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो खटला थांबला. जेथे पलटण परत जात नाही तेथे काय होते, हे कळायला लाहोरलाच जायला हवे असे नाही. २०१९ च्या निवडणुकीत सैनिकांचे फोटो प्रचाराच्या फलकांवर झळकले, तेव्हा निवडणूक आयोगाला ताकीद द्यावी लागली आणि दीडशेहून अधिक माजी सैनिकांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून हे थांबवा म्हणून विनवले. विनवणारे माजी सैनिक होते, हे लक्षात घ्या. फौजीला स्वतःला आपली जागा कळते. कळत नाही ती त्याच्या नावावर मते मागणाऱ्याला.

आणि आता आमच्या स्वतःच्या एका खोडीबद्दल. देशभक्तीचा विषय निघाला रे निघाला की आमचे वक्ते खिशातून यादी काढतात. ब्रिगेडियर उस्मान, हवालदार अब्दुल हमीद, कारगिलचे कॅप्टन हनीफुद्दीन. टाळ्या होतात, डोळे पाणावतात. या माणसांच्या मोठेपणाबद्दल आमच्या मनात तसूभरही शंका नाही. बलुच रेजिमेंटच्या मोहम्मद उस्मान यांना पाकिस्तानात मोठ्या पदाची वाट मोकळी होती. ते गेले नाहीत. नौशेरा राखले, झांगर परत घेतले आणि ३ जुलै १९४८ ला तेथेच तोफगोळ्याने शहीद झाले. अब्दुल हमीद यांनी १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरणच्या उसाच्या शेतात जीपवर बसवलेल्या तोफेने अमेरिकन पॅटन रणगाडे उडवले. अयूबच्या लष्करशाहीने पाठवलेले रणगाडे, हेही सांगत जा! पण आमचा आक्षेप यादीला नाही, ती ज्या सुरात वाचली जाते त्याला आहे. दाखला दाखवावा तशी ती वाचली जाते. जणू आम्ही इतके मेलो, आता तरी राहू द्या.

दाखल्याने काय मिळाले? उस्मान यांची कबर दिल्लीत जामिया मिलियाच्या कब्रस्तानात आहे. डिसेंबर २०२० मध्ये ती फोडलेली आढळली आणि लष्करानेच ती दुरुस्त केली. आसामात तीस वर्षे फौजेत काढलेल्या, कारगिलच्या काळात सेवेत असलेल्या एका निवृत्त सैनिकाला २०१९ मध्ये परदेशी ठरवून स्थानबद्धता छावणीत टाकले. उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा तो बाहेर आला. मे २०२५ मध्ये कर्नल सोफिया कुरेशी यांनी देशाच्या वतीने लष्करी कारवाईची माहिती जगाला दिली. आमच्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात त्यांचा फोटो फिरला, बघा, आमची मुलगी! आठवडा उलटायच्या आत मध्य प्रदेशच्या एका मंत्र्याने भर सभेत त्यांचा संबंध दहशतवाद्यांशी जोडला. उच्च न्यायालयाने दटावले तेव्हा गुन्हा नोंदला गेला. आणि 'पासष्टच्या युद्धात मुस्लिम रेजिमेंटने लढायला नकार दिला' ही थाप तर अजून फिरतेच आहे. अशी रेजिमेंट तेव्हा अस्तित्वातच नव्हती, हे सांगण्यासाठी २०२० मध्ये सुमारे एकशेवीस माजी सैनिकांना राष्ट्रपतींकडे धाव घ्यावी लागली. ज्याला दाखला मान्यच करायचा नाही, त्याच्यापुढे शहिदांची यादी वाचणे हा त्या शहिदांचाच अपमान आहे. नागरिकत्व घटनेने दिले आहे. कुणाच्या मरणाच्या मोबदल्यात ते घेतलेले नाही. शेतकरी मुसलमान, विणकर मुसलमान, भिवंडीत बारा तास मागावर उभा राहणारा मुसलमान, यांना कोणी शहीद पुरवावा लागत नाही.

तरीही फौजेत आपली मुले गेली पाहिजेत का? जरूर गेली पाहिजेत, नोकरी म्हणून, कर्तव्य म्हणून, हक्क म्हणून. जुन्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या असत, ही परंपरा आपण विसरलो. २००६ मध्ये सच्चर समितीने लष्कराला मुसलमानांची संख्या विचारली तेव्हा केवढा गहजब झाला! फौज धर्माने माणसे मोजत नाही, असे उत्तर आले. उत्तर तत्त्वाने उत्तम आहे, फक्त रेजिमेंटांना जाती-प्रांतांची नावे असलेल्या देशात ते जरा अपुरे वाटते. पण आमचा खरा आग्रह वेगळ्याच भरतीबद्दल आहे.

दंगलीत आपल्याला मिलिटरीची याद येते ती पोलिसांची भीती वाटते म्हणून. मग औषध बराकीत शोधण्यापेक्षा पोलीस ठाण्यात शोधले पाहिजे. श्रीकृष्ण आयोगाने एकतीस पोलिसांवर कारवाई सुचवली होती. त्या शिफारशींचे काय झाले हे विचारायला आमची किती शिष्टमंडळे गेली? जी गेली ती ईदच्या सुट्टीसाठी आणि उर्दू भवनाच्या जागेसाठी गेली. ज्या नाक्यावर आपली चाळ आहे त्या नाक्यावरच्या चौकीत आपला एकही पोरगा नसेल, तर पुढच्या वेळीही आपण खिडकी किलकिली करून हिरव्या वर्दीचीच वाट पाहत बसू. पोलीस शिपाई भरतीत सोळाशे मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो आणि मग लेखी परीक्षा असते. मैदानात आमची मुले मागे पडत नाहीत. ती पडतात लेखीत, आणि तेथेही गणितात कमी, मराठी व्याकरणात जास्त. समास, प्रयोग, म्हणी, वाक्प्रचार. उर्दू शाळेतून दहावी झालेल्या मुलाला हे कोणी शिकवलेलेच नसते. अल्पसंख्याक उमेदवारांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षणाची सरकारी योजना आहे, पण तिची जाहिरात मोहल्ल्यातल्या किती फलकांवर लागते? मराठीत लिहिणारे मुसलमान आम्ही स्वतःला म्हणवतो, संमेलने भरवतो, अंक काढतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी मदरशाच्या वरच्या मजल्यावर वीस मुलांना मराठी व्याकरण शिकवायला आमच्यातले किती जण यायला तयार आहेत, त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर कळवावे.